दोन गाठी म्हणजे काढ

मी कुणावर जळत नाही. हे आधीच स्वच्छ सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको. अकरा वर्षं मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते आहे आणि या अकरा वर्षांत माझ्या तोंडून कुणा सहकाऱ्याबद्दल वाकडा शब्द गेलेला नाही. मनातून गेला असेल, पण मनातलं कोण ऐकतं? आणि बागसरांबद्दल म्हणाल, तर माझं त्यांच्याशी काही बिनसायचं कारणच नव्हतं. माणूस सज्जन. उंच, वाळका, नखांत कायम माती, आवाज इतका हळू की समोरच्याने कान पुढे न्यावा. मला फक्त त्यांचं चालणं आवडत नव्हतं. आणि बसणं. आणि ते बसले की माझी मुलं त्यांच्याभोवती घोळका करून बसायची, ते तर मुळीच नाही.

माझ्या वर्गात सात जण आहेत. तिघांची ओळख आत्ताच करून देते, कारण या गोष्टीत माझ्या खालोखाल तेच बोलतात.

पहिला कॅप्टन. वय सतरा, डाउन सिंड्रोम, डोक्यावर बारा महिने टोपी. एकदा एखादं काम शिकला की त्यात तसूभर फरक करत नाही, आणि शंका आली तर विचारल्याशिवाय पुढे जात नाही. हे विचारायचं मी शिकवलंय. दुसरी मॅनेजर. ती व्हीलचेअरवर असते आणि तिथून सगळ्यांना कामं वाटून देते, मलासुद्धा. तिसरा रेडिओ. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, पण एकदा कानावर पडलेलं वाक्य तो विसरत नाही आणि ज्याचं त्याच्या आवाजात जसंच्या तसं परत ऐकवतो. त्यामुळे रेडिओ जवळपास असला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत सगळे हवापाण्यावर बोलतात.

या मुलांना मी शर्टाची बटणं लावायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं, बसचा नंबर वाचायला शिकवलं. माझी पद्धत रंगीत कार्डांची. लाल कार्ड म्हणजे नको, हिरवं कार्ड म्हणजे हो. कॅप्टनला दहापर्यंत मोजायला शिकवण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं, आणि ज्या दिवशी तो नवावर न अडखळता दहावर पोचला, त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. नवऱ्याला वाटलं, शाळा बंद पडली.

तीन महिन्यांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बागसरांना आणलं. ना डिप्लोमा, ना ट्रेनिंग. तीस वर्षं रोपवाटिकेत राबलेला माणूस. शाळेच्या मागे मोडकी बाकं टाकायची जागा होती, तिथे त्यांनी बाग करायला घेतली. मोडकी बाकं फेकली नाहीत, त्यांच्यावरच मातीचे वाफे बसवले, मॅनेजरच्या खुर्चीच्या उंचीचे. रेडिओ पानं चुरगळून नुसत्या वासावर झाड ओळखायला लागला. आणि कॅप्टन एक दिवस धावत आला तो सांगत, "बाई, चाळीस रोपं. मी मोजली."

चाळीस! मी वर्षभर दहाच्या दारात उभी होते, आणि हा माणूस तीन महिन्यांत चाळीसपर्यंत जाऊन आला! मला आनंद व्हायला हवा होता, हे मला कळतं. तो झाला नाही. पोटात दुखलं, अगदी सरळसरळ दुखलं.

त्या दिवसापासून मी बागेत पाऊल टाकलं नाही. कामच इतकं असतं. वर्गातल्या कपाटाच्या मागे एक खिडकी आहे, तिथून बाग दिसते, पण तिथे मी कपाट आवरायलाच जायची. दिवसातून चार वेळा आवरायची. तिथून मला दिसलं की बागसर झाडांना चिंध्या बांधतात. सभागृहाचे जुने पडदे फाडून केलेल्या चिंध्या, काही लाल, काही हिरव्या. मुलं जवळ जातात, फीत बघतात, काही झाडं उपटतात आणि काही ठेवतात. माझ्या लगेच लक्षात आलं. लाल म्हणजे नको, हिरवी म्हणजे हो. माझी कार्डं! माझी अकरा वर्षांची पद्धत या माणसाने उचलली, झाडाला बांधली, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाही.

"अहो, चोरी आहे ही," मी घरी म्हणाले.

नवरा माझ्या डब्याच्या पिशवीची गाठ सोडवत बसला होता. मी कुठलीही गाठ मारते ती दुहेरीच. सैल काम मला जमत नाही.

"बिचारा झाडांना चिंध्या बांधतोय," तो म्हणाला. "त्यात चोरी कसली?"

"बिचारा? तुम्ही कधी भेटलात त्यांना?"

"परवा तुला घ्यायला आलो होतो ना, तेव्हा. चांगला वाटला. आपल्या कढीपत्त्याला काय झालंय ते त्याने बरोबर सांगितलं."

म्हणजे माझ्या घरातही शिरले! त्या रात्री मी नवऱ्याशी मोजून चार शब्द बोलले. कढीपत्ता मात्र आता बरा आहे.

अशातच शनिवारचं काम आलं. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून एक वृद्धाश्रम आहे. त्याच्या अंगणात रान माजलेलं होतं, आणि मोठ्या बाईंनी आमच्या मुलांसाठी ते काम मागितलं. आश्रम सांभाळणाऱ्या ताई कमरेला पंचवीसेक चाव्यांचा जुडगा लावून फिरतात, म्हणून आम्ही त्यांना चावीताई म्हणतो. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. शेवटी एका शनिवारवर तयार झाल्या. काम नीट झालं, तर अंगण कायमचं मुलांकडे, दर शनिवारी. नाही झालं, तर परत विचारायचं नाही.

तुम्हाला ही गोष्ट लहान वाटेल. आमच्याकडे ती लहान नाही. आमच्या मुलांना लोक टाळ्या देतात, खाऊ देतात, वह्या देतात. काम कुणी देत नाही. कॅप्टनने शाळेच्या रखवालदाराला सांगितलं, बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, बसमधल्या अनोळखी माणसांना सांगितलं, "शनिवारी मला काम आहे." त्याची आई मला फोनवर म्हणाली, "बाई, त्याने आठवडाभर आधीपासून शर्ट काढून ठेवलाय." मला त्याच्यासाठी हे काम हवंच होतं. फक्त ते माझ्या हातून मिळावं, एवढीच माझी साधी इच्छा होती.

आणि शुक्रवारी दैव माझ्या बाजूने वळलं! बागसर गालाला रुमाल बांधून शिक्षकांच्या खोलीत आले. एका बाजूने चेहरा टम्म सुजलेला.

"बाई, उद्या शकाळी दाध काधायचीये," ते म्हणाले.

"काय?"

"दाध. दाध हो." त्यांनी गालावर बोट ठेवलं.

दाढ! म्हणजे उद्या बागसर नाहीत! मी चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणलं. "अरेरे. काळजी घ्या हं. मुलांचं मी बघते."

"फिती बांधून ठेवल्यात मी. मुलांना शगळं माहितीये. तुम्ही फकत काठी बघा..."

"काठी?"

"काठी, काठी. एक आशली तर..."

"बागसर," मी म्हणाले, "अकरा वर्षं शिकवतेय मी. तुम्ही शांतपणे दाढ काढा."

ते अजून काहीतरी सांगत होते, पण मी पर्स उचलली. काठी म्हणे! माझी मुलं काय गुरं आहेत? मनात आलं, बघा, हे असले विचार, आणि सगळी शाळा यांच्या पाया पडते. त्यांच्या सुजलेल्या गालातून 'गाठी' हा शब्द 'काठी' होऊन बाहेर पडतोय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

शनिवारी मुलं साडेआठला येणार होती. मी सातलाच आश्रमात हजर. अंगण पाहिलं. फाटकापासून भिंतीपर्यंत कमरेएवढं रान, मधेच जास्वंदीची दोन झाडं, एक लिंबाचं झाड आणि भिंतीच्या कडेला नऊ गुलाब. आणि या सगळ्यावर बागसरांच्या चिंध्या.

मी जवळ जाऊन पाहिलं आणि माझा माझ्या नशिबावर विश्वास बसेना. पाच गुलाबांना लाल फिती! चौघांना हिरव्या. लिंबाला लाल. काटेरी झुडपांना निम्म्या लाल, निम्म्या हिरव्या. सगळा सावळागोंधळ! माझी पद्धत उचलली खरी, पण ती समजलीच नव्हती. या माणसाच्या भरवशावर राहिलो असतो, तर मुलांनी गुलाब उपटले असते आणि काटे ठेवले असते.

मी पदर खोचला. सव्वा तास मी त्या रानात वाकून होते. प्रत्येक फीत सोडली आणि नव्याने बांधली. रानाला लाल, चांगल्या झाडांना हिरवी. साठ फिती! काही पटकन सुटत होत्या, काही काही केल्या सुटत नव्हत्या. गाठ मारायचीसुद्धा या माणसाला एक रीत नाही, असं मी पुटपुटले आणि माझ्या प्रत्येक फितीला छान घट्ट दुहेरी गाठ मारली. हात ओरबाडले, कंबर धरली, पण काय सांगू, मला इतकं प्रसन्न कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

साडेआठला मोठ्या बाई मुलांना घेऊन आल्या. कॅप्टनच्या अंगावर तो शर्ट होता. मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "फितीवर असेल तसं करायचं. मला अंगण चकाचक हवंय."

"हो बाई," सातही जण म्हणाले. मॅनेजरने कामं वाटली. मी मोठ्या बाईंना आणि चावीताईंना घेऊन व्हरांड्यात बसले, कारण कामाच्या जागी आपण उभं राहिलं की मुलं आपल्याकडे बघत बसतात. शिवाय मला त्यांना माझी पद्धत समजावून सांगायची होती.

पंधरा मिनिटं झाली असतील. मी कार्डांवरून चित्रांवर आले होते. चित्र काढता काढता मूल वस्तू नीट बघायला शिकतं, असं मी सांगत होते. ही माझी दुसरी पद्धत. कॅप्टन माझ्या तासाला चित्रं काढायचा, पण बाग सुरू झाल्यापासून त्याने वहीला हात लावला नव्हता. तेवढ्यात समोर बघते तर कॅप्टन उभा, रेडिओ त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे.

"बाई," कॅप्टनने विचारलं, "गुलाब काढू?"

तीन महिन्यांनी! गुलाब बघून त्याला चित्र सुचलं, आणि ते विचारायला तो माझ्याकडे आला. बागसर आज तिथे नव्हतेच, ही गोष्ट त्या क्षणी मला किरकोळ वाटली.

"काढ की," मी म्हणाले.

"सगळे?"

"किती आहेत?"

"नऊ."

"नऊच्या नऊ काढ. आणि हे बघ, नुसतं वरचं फूल काढून थांबायचं नाही. फांद्या, पानं, खाली मुळं. मुळंसुद्धा काढ."

कॅप्टनचा चेहरा गंभीर झाला. "मुळं तुटू नाही देणार, बाई."

"शाब्बास."

"लिंबू पण काढू? मोठं आहे."

"तेही काढ. एकट्याला जमेल?"

"मॅनेजर सांगेल कसं ते. सगळे मिळून काढू."

"वा! सगळे मिळून काढा."

तो गेला. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. म्हटलं, "बघितलंत? मुळासकट. झाडाचे भाग मी गेल्या वर्षी शिकवले होते."

"मुलं चित्रंही काढतात?" चावीताईंनी विचारलं.

"थांबा ना. तासाभरात दाखवते."

त्या तासात मी पहिल्यांदाच बागसरांना क्षमा केली. त्यांनी माझी पद्धत घेतली तर घेऊ दे, असंही मनात येऊन गेलं. चहा आला. चावीताई म्हणाल्या की मुलं भांडत नाहीत, ओरडत नाहीत, नवल आहे. मी मान तिरकी करून हसले.

दहा वाजता वरच्या मजल्यावरून पोस्टमास्तर आजोबा उतरले. नोकरीत असल्यापासूनचं नाव, आश्रमातही तेच चालू. त्यांच्या हातात पाण्याची छोटी झारी होती.

"गुलाबांना पाणी घालायची वेळ झाली," चावीताईंनी मला सांगितलं. "सहा वर्षं, रोज दहाला. त्यांनीच लावलेत ते."

"चला तर मग," मी उठले. "आजोबांनाही बघू दे मुलांनी काय सुंदर काढलंय."

आम्ही अंगणात आलो. अंगण चकाचक होतं. तळहातासारखं. रान नव्हतं, काटे नव्हते. जास्वंद नव्हती. लिंबू नव्हतं. भिंतीच्या कडेला नऊ नीट गोल खड्डे होते, आणि त्यांच्यासमोर ओल्या गोणपाटावर नऊ गुलाब, लहान ते मोठा अशा ओळीने आडवे झोपवलेले.

"बाई," कॅप्टन घाम पुसत म्हणाला, "काढले. नऊ. मुळांसकट."

मी अजून कागद शोधत होते. खरं सांगते, डोळ्यांसमोर सगळं असूनही मी विचारलं, "वही कुठाय तुझी?"

"कसली वही?"

आजोबांच्या हातातली झारी वाकडी झाली आणि सगळं पाणी त्यांच्या चपलेवर गेलं.

चावीताई पुढे आल्या. "मी आधीच सांगत होते, मोठ्या बाई. अशा मुलांच्या हातात हे काम द्यायचं म्हणजे... त्यांची चूक नाही, त्यांना कळत नाही. पण आता पुरे. परत आणू नका."

"दोन गाठी होत्या," मॅनेजर खुर्ची पुढे घेत म्हणाली. "एक गाठ म्हणजे राहू दे. दोन गाठी म्हणजे काढ. सगळ्यांना दोन होत्या."

"गाठी?" मी म्हणाले.

"फितीच्या गाठी. रेडिओला रंग कसा कळणार? म्हणून सरांनी गाठी ठरवल्या. रंगाचं काही नसतं, पडदाच तसा होता."

मी भिंतीकडचे ते नऊ खड्डे परत एकदा मोजले.

"मी तीन तीनदा हात लावून बघितलं," रेडिओ म्हणाला. "सगळीकडे दोन. आम्हाला पटेना, म्हणून विचारायला गेलो." आणि मग त्याने थेट माझ्या आवाजात, माझ्या त्या लाडिक हेलासकट, सुरू केलं, "नऊच्या नऊ काढ. आणि हे बघ, नुसतं वरचं फूल काढून थांबायचं नाही. फांद्या, पानं, खाली मुळं. मुळंसुद्धा काढ."

"चित्र!" मी ओरडले. "मी चित्राबद्दल बोलत होते!"

"कोणतं चित्र?" कॅप्टनने विचारलं.

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. "ते राहू द्या. पण मुळात सगळ्या फितींना दोन गाठी कशा? म्हणजे बागसरांनीच बांधताना घोळ घातला. दाढेच्या दुखण्यात झालं असेल."

आता सगळं स्वच्छच सांगतेय, तर हेही सांगते. ते वाक्य कानावर पडलं आणि मला हायसं वाटलं. नुसतं हायसं नाही, गोड वाटलं. बागसर चुकले! सर्वांसमोर, मोठ्या बाईंच्या तोंडून! मी गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. मी एक श्वास घेतला, आणि त्या श्वासापुरती मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते.

आणि फाटकातून बागसर आत आले. दाढ काढून थेट इकडे. गाल आणखी सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, बोलायची सोय नाही. त्यांनी अंगण पाहिलं. चावीताईंचं सगळं ऐकून घेतलं. मग वाकून गोणपाटावरच्या एका गुलाबाची हिरवी फीत हातात घेतली आणि गाठीवरून अंगठा फिरवला. माणसाला आपली गाठ ओळखू येते. ती आपली नाही, हेही कळतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओरबाडलेल्या हातांकडे पाहिलं.

"बागसर," मोठ्या बाईंनी विचारलं, "या गाठी तुमच्याच ना?"

बागसरांनी जमिनीकडे पाहिलं आणि हळूच मान डोलावली. हो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! म्हणजे हेसुद्धा हेच घेऊन जाणार? मुलं यांची, बाग यांची, चाळीस रोपं यांची, माझा कढीपत्ता यांचा, आणि आता चूकसुद्धा यांची? एवढा चांगुलपणा माझ्या डोळ्यांदेखत? मी सव्वा तास कंबर मोडून केलेली चूक होती ती!

तेवढ्यात कॅप्टनने माझी बाही ओढली. टोपी हातात होती. मी त्याला बिनटोपीचा पहिल्यांदाच बघत होते.

"बाई," त्याने हळू विचारलं, "मी चुकलो?"

मग मात्र माझ्याने राहवलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "तू नाही चुकलास. तुमच्यातलं कुणीच चुकलं नाही. मी चुकले. सकाळी सातला येऊन सगळ्या फिती मी सोडल्या आणि परत बांधल्या. साठच्या साठ. बागसरांचा यात काडीचा संबंध नाही, त्यांनी उगाच श्रेय घेऊ नये. दोन गाठी असल्या तर काढायचं, हे यांना माहीत होतं. तरी पटलं नाही म्हणून ते विचारायला आले. आणि मी काढ म्हणाले. ताई, यांच्या हातून काम बिघडलेलं नाही. यांनी सांगितलेलं काम चोख केलंय. सांगणारी बाई गाढव होती."

बागसरांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण कापूस आडवा आला.

पोस्टमास्तर आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश खाली बसले. त्यांनी एक गुलाब उचलला, मुळांचा गड्डा फिरवून फिरवून पाहिला. "कुणी काढले हे?"

"मी," कॅप्टन म्हणाला. "लांबून खणायचं. मग खालून हात घालायचा. ओढायचं नाही."

"एक मूळ तुटलेलं नाही," आजोबा म्हणाले. "मागे मी दोन हलवायला गेलो तर दोन्ही मेले." मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "इथे तसंही यांना ऊन पुरत नव्हतं. तिकडे फाटकाजवळ लावता येतील का रे, लगेच?"

कॅप्टनने वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, बागसरांकडे. बागसरांनी मान डोलावली. कॅप्टनने टोपी घातली.

दुपारी बारापर्यंत नऊ गुलाब आणि दोन जास्वंदी फाटकाजवळ उभ्या राहिल्या. मॅनेजरने आजोबांनाही कामाला लावलं. मला कुणी काही काम दिलं नाही, मी दोनदा विचारूनसुद्धा. लिंबू मात्र वाचलं नाही. तो विषय माझ्यासमोर अजून कुणी काढत नाही.

निघताना चावीताईंनी मोठ्या बाईंना बाजूला घेतलं. रेडिओ जवळच होता, त्यामुळे त्या काय म्हणाल्या ते मला शाळेत पोचायच्या आत चावीताईंच्या आवाजात ऐकायला मिळालं. "मुलांना दर शनिवारी पाठवा. काम छान करतात. सरांनाही पाठवा. त्या बाईंना मात्र फाटकाच्या आत आणू नका."

याला आता दोन महिने होतील. दर शनिवारी सकाळी मी मुलांना फाटकापर्यंत सोडते आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसते. कट्ट्यावरून गुलाब दिसतात. परवा एकाला कळी आली, तेव्हा कॅप्टन आतून ओरडून म्हणाला, "बाई, बघा. पण हात लावू नका."

अगदीच बेकार बसलेली नाही मी. सात पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे सांभाळायला असतात. गेल्या शनिवारी बागसर फाटकाशी येऊन म्हणाले, "बाई, ऊन आहे, द्या मी आत सावलीत ठेवतो." मी एकही दिली नाही.